मागून वाचणारा

माझ्या नवऱ्याच्या, लायसनच्या, पोटात काही राहत नाही, हे सगळ्या झोंबा गावाला माहीत होतं. कोणाच्या कमरेचं माप वाढलं, कोणी जुनाच कोट उलटा करून नवा म्हणून मिरवला, हे त्याच्या शिवणाच्या मशीनजवळ घटकाभर उभं राहिलं की न विचारता कळायचं. गुजराती शेटच्या दुकानाच्या ओसरीवर शिंप्यांची रांग बसायची. बाकीचे हातानं काम करत, आमचे तोंडानं. म्हणूनच माझा धाकटा भाऊ एनोक गाव सोडून गेला, तेव्हा मी लायसनला चुलीसमोर बसवून आधी त्याच्या मेलेल्या आईची शपथ घ्यायला लावली.

एनोक शिक्षकांच्या कॉलेजात शिकत होता आणि आमच्याकडेच राहत होता. एक दिवस वर्गात त्यानं एक प्रश्न विचारला. तो प्रश्न मी आजही तोंडातून काढत नाही. देशाच्या अध्यक्षांबद्दल होता, एवढं पुरे. त्या प्रश्नाला जी दोन पोरं हसली होती, त्यांना दुसऱ्या दिवशी गाडी येऊन घेऊन गेली, आणि ती परत आली नाहीत. एनोक त्या दिवशी तापानं घरी झोपला होता, म्हणून वाचला. आम्ही त्याला सरोवराकाठच्या खेड्यात आमच्या थोरल्या आईकडे, म्हणजे आमच्या आईच्या मोठ्या बहिणीकडे, धाडून दिलं. लोकांना सांगितलं, पोरगा शिक्षण सोडून दक्षिणेला जोहान्सबर्गच्या खाणीत गेला. अर्धा गाव तिकडेच जात होता, कोणाला नवल वाटलं नाही. तो खरा कुठे आहे हे आम्हा दोघांना आणि थोरल्या आईलाच ठाऊक होतं. माझ्या भावाचा जीव माझ्या नवऱ्याच्या जिभेवर होता, आणि ती जीभ मला चांगली माहीत होती.

एनोक असताना तो रोज जेवताना लायसनला एक इंग्रजी शब्द शिकवायचा. लायसन फार शिकलेला नव्हता, पण शब्द त्याला गूळ लागल्यासारखे आवडायचे. दिवसभर मशीनचं पायडल मारत तो एकच शब्द घोकायचा. एनोक गेल्यावर ते बंद पडलं, आणि मला वाटलं घरात जरा शांतता नांदेल. कुठलं काय! एक दिवस हा माणूस केस कापून, सदऱ्याला इस्त्री करून गावच्या वाचनालयात गेला आणि काखेत पुस्तक मारून आला.

वाचनालयात गोंडवे नावाचे गृहस्थ होते; सगळे त्यांना मानानं बाम्बो गोंडवे म्हणत. उत्तरेकडचे. बोलायचे इतकं कमी की प्रत्येक शब्द स्वतःच्या खिशातून द्यावा लागतोय असं वाटावं. लायसनला त्यांनी पुस्तक कसं न्यायचं, कधी आणायचं ते सांगितलं, आणि आमचे साहेब दर आठवड्याला तिकडे जाऊ लागले.

एका संध्याकाळी तो दारातूनच ओरडत आला.

"एलुबी! आज नवा शब्द! रिझर्व्ह!"

"आधी पाय धुवा. आणि म्हणजे काय ते सांगा."

"मला मधमाश्यांचं पुस्तक अजून आठवडाभर ठेवायचं होतं. गोंडवे म्हणाले, नाही मिळणार, रिझर्व्ह आहे. म्हणजे मी वाचतोय तेच पुस्तक दुसऱ्या कोणाला तरी हवंय. त्यानं आधीच सांगून ठेवलंय. मी परत केलं की त्याच्या हातात जाणार. तोवर तो वाट बघत बसणार."

"मग त्यात नाचायला काय झालं? नळावर माझी बादली रोज रिझर्व्हच असते."

"तुला नाही कळायचं. अगं, मधमाश्यांचं पुस्तक! या गावात माझ्याशिवाय कोणाला हवंय ते? म्हणजे माझ्यासारखा कोणीतरी आहे इथे."

त्याचा चेहरा असा फुलला होता की मीच त्याच्या पायांवर पाणी घातलं. एनोक गेल्यापासून तो असा हसला नव्हता.

पुढचं पुस्तक पूल कसे बांधतात त्याचं होतं. तेही रिझर्व्ह. त्यानंतर जुन्या काळच्या साहेबांच्या कपड्यांचं, चित्रं असलेलं. तेही. मग एकदा त्याला कामाची घाई होती म्हणून त्यानं लहान मुलांचं, कोंबडीच्या गोष्टीचं पुस्तक आणलं, आणि तेसुद्धा रिझर्व्ह निघालं. लायसन खूश. मला मात्र आता वास येऊ लागला होता, पण तो भलत्याच गोष्टीचा.

"बाई आहे," मी म्हणाले.

"कोण?"

"तुमचा तो मागून वाचणारा. पुरुषाला पुरुषाचं एवढं कौतुक नसतं. कोंबडीच्या गोष्टीसाठी वाट बघणारा बाप्या मी तरी नाही पाहिला. कोणीतरी नर्स असेल, नाहीतर मास्तरीण. तुमच्या हाताचा वास घेत बसत असेल पुस्तकात."

तो इतका लाजला की माझा संशय दुप्पट झाला.

आमच्यात कोणाचं भांडं परत करताना ते रिकामं देत नाहीत. मूठभर शेंगा तरी घालतात. लायसनच्या डोक्यात आलं की पुस्तकाचंही तसंच असलं पाहिजे. मग तो पुस्तक परत करताना पानात शिवणकामातून उरलेली कापडाची पट्टी ठेवू लागला. सुरेख कातरलेली, कडा दुमडलेली. आधी एका बड्या साहेबाच्या कोटाची करडी, मग चर्चच्या बायकांच्या झग्यांची जांभळी. मी म्हटलं, ठेवा, ठेवा, आणखी एखादा दोरा स्वतःच्या काळजाचा काढून ठेवा. तो म्हणाला, तू जळतेस. खरंच जळत होते.

मग एक दिवस तो जरा गोंधळून आला. गोंडवे त्याला म्हणाले होते, "लायसन, काही दिवस पुस्तकं नेऊ नका. डोळ्यांना विश्रांती द्या."

"माझे डोळे चांगले आहेत," लायसन म्हणाला होता.

"तरी द्या."

हे ऐकल्यावर माझी खात्रीच पटली. त्या बाईचं प्रकरण गोंडव्यांपर्यंत पोचलं होतं आणि ते बिचारे सभ्यपणे आवरा म्हणत होते. मी ठरवलं, स्वतःच जाऊन सवतीचं तोंड बघायचं. मी बाजारात मांडासी, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळून विकायची. पुस्तक परत करायचा दिवस होता. फाटकावर सगळ्यांना दाखवावं लागे ते अध्यक्षांच्या पक्षाचं कार्ड दाखवून मी बाजारात शिरले, सकाळचा घाणा संपवला, लायसन वाचनालयातून परतताना दिसला तशी उरलेल्या मांडाश्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि थेट तिकडे गेले.

आत शिरले तर गोंडवे आपल्या खुर्चीत नव्हते. ते टेबलासमोर हात मागे बांधून, शाळेतल्या पोरासारखे उभे होते. त्यांच्या खुर्चीत एक माणूस बसला होता. मध्यम वयाचा, शांत चेहऱ्याचा. पायात तपकिरी बूट, असे की आमच्या गावातल्या चिखलानं त्यांना कधी शिवलं नसावं. असे बूट घालून, कुठल्याही खुर्चीत न विचारता बसणारी माणसं कोण असतात, हे त्या वर्षांत कोणाला सांगावं लागत नव्हतं. त्यांना नाव घेऊन कोणी बोलावत नसे. आमच्या आळीतून त्यांची गाडी गेली की बायका पोरांना आत ओढत आणि मग दिवसभर एकमेकींशी फक्त पिठामिठाचं बोलत.

त्याच्या हातात लायसननं नुकतंच परत केलेलं पुस्तक होतं. तो ते वाचत नव्हता. एकेक पान उजेडाकडे धरून बघत होता. पुस्तकाच्या शिवणीत नख घालून, लपवलेली चिठ्ठी शोधावी तसं, चाचपत होता. मग त्यानं पानातली कापडाची पट्टी काढली, दोन बोटांत चोळली, नाकाला लावली आणि अगदी जपून खिशात ठेवली.

"मांडासी, बाम्बो?" मी म्हणाले.

गोंडव्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते मला ओळखत होते. "नको, मायी," ते म्हणाले. "इथे कोणाला भूक नाही. जा तुम्ही."

त्या माणसानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि सौम्यपणे हसला. मी निघाले. रस्त्यावर आल्यावर मला माझ्याच संशयाचं हसू आलं, आणि मग रडू. बाई असती तर किती बरं झालं असतं! मी तिला घरी बोलावून खाऊ घातलं असतं.

घरी आले तर लायसन अंगणात आमचा एकुलता एक कोंबडा पायाला दोरी लावून बांधत होता.

"हे काय?" मी विचारलं.

"रविवारी पाहुणा आहे," तो आनंदानं म्हणाला. "आज मी गोंडव्यांना निरोप दिला. म्हटलं, माझी पुस्तकं कोण रिझर्व्ह करतो त्याला सांगा, रविवारी चर्च सुटलं की आमच्याकडे जेवायला या. बाई असली तर नवऱ्याला घेऊन या. बघ, तुझाही जीव शांत होईल."

मी डोक्यावरची टोपली खाली ठेवली. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी त्याला सगळं सांगितलं. बूट, खुर्ची, नख, पट्टी. त्याचा विश्वासच बसेना. मग बसला. तो तसाच कोंबड्याची दोरी हातात धरून उभा राहिला.

"मला वाटलं, मला एक मित्र मिळाला," तो म्हणाला.

मला त्याचा एवढा राग आला होता आणि त्या एका वाक्यानं तो सगळा जिरला.

"निरोप परत घेता येईल का?" त्यानं विचारलं.

"जेवायचं आमंत्रण मागे घेणार? म्हणजे का घेतलं ते तोच विचारायला येईल. पळून गेलो तर एनोकला शोधायला आणखी माणसं निघतील. येऊ दे त्याला. फक्त तुम्ही बोलायचं नाही."

"अजिबात?"

"पुस्तकांवर बोला. पावसावर बोला. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवा. एनोकचं नाव निघालं तर तो खाणीत आहे, यापलीकडे एक अक्षर नाही. घास घ्या तोंडात आणि चावत बसा."

"मी चावत बसेन," लायसन म्हणाला. शपथेपेक्षा मला ते खरं वाटलं.

रविवारी मी मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा केली, कोंबडा शिजवला, भुईमुगाच्या कुटातली पालेभाजी केली. हात चालत होते, पण मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून दोनदा चाखलं. चर्च सुटल्यावर थोड्या वेळानं दारात आवाज आला.

"ओडी! येऊ का आत?"

तोच. तेच बूट. एका काखेत पुस्तक. त्यानं दोन्ही हात जोडून टाळी वाजवत मला नमस्कार केला, अगदी रीतीप्रमाणे. मला ओळखलं. "अरे, मायी! त्या दिवशी तुमच्या मांडाश्या खायच्या राहिल्या, त्याची भरपाई आज करतो." लायसननं नाव विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही मला वाचकच म्हणा. आपली ओळख तीच ना?"

मी त्याच्या हातावर पाणी घातलं. कोंबड्याचा पेटा, पाहुण्याच्या मानाचा तुकडा, त्याच्या ताटात वाढला. तो चवीनं जेवत होता. पुस्तकांवर बोलत होता, आणि तेच वाईट होतं, कारण तो खरंच छान बोलत होता. मधमाश्यांची राणी कशी निवडतात, पुलाच्या कमानीत वजन कसं वाटलं जातं. त्यानं ती सगळी पुस्तकं खरीच वाचली होती. लायसनचे डोळे चमकायला लागले. मी दाराआडून बघत होते. दर वेळी तो तोंड उघडायचा, माझ्याकडे बघायचा आणि घास भरायचा. माणूस इतका जेवला की मला वाटलं फुटेल.

जेवण झालं. पाहुण्यानं हात पुसले आणि खिशातून एकेक करून सगळ्या कापडाच्या पट्ट्या काढून चटईवर ओळीनं मांडल्या. एकही हरवली नव्हती.

"तुमच्या हातात कला आहे, बाम्बो," तो म्हणाला. "या पट्ट्यांवरून मी गावभर कपडे ओळखत फिरलो. खेळच झाला मला तो. ही करडी, जिल्हा साहेबांचा कोट. ही जांभळी, चर्चचं गायन मंडळ. ही खाकी, वनखात्याचा रखवालदार. सगळे सापडले." मग त्यानं एका पांढऱ्या, निळ्या रेघेच्या पट्टीवर बोट ठेवलं. "हा सदरा मात्र झोंब्यात कोणाच्याच अंगावर नाही. तरुण पोराचा वाटतो. कोणासाठी शिवलात?"

तो सदरा लायसननं एनोकसाठी शिवला होता आणि बसच्या ड्रायव्हरबरोबर, थोरल्या आईच्या नावाच्या गाठोड्यात घालून, सरोवराकडे धाडला होता. मला न सांगता त्याची पट्टी पुस्तकात ठेवली होती! मी दाराची चौकट धरली. लायसनच्या तोंडात घास नव्हता.

"मेहुण्यासाठी," तो म्हणाला.

"ह्यांच्या भावासाठी? खाणीत आहे म्हणतात तो?"

"होता." लायसन खाली बघत होता. मग त्यानं मान वर केली, आणि त्याचा असा चेहरा मी लग्नापासून पाहिला नव्हता. "सदरा तिकडेच धाडला होता. घालायला मिळाला की नाही, देव जाणे. आज सकाळी चर्चच्या दारात खाणीतून परतलेला एक माणूस भेटला. दरड कोसळली म्हणाला. एनोक गेला. पाहुणा यायचा होता, अन्न शिजत होतं, म्हणून मी हिला अजून बोललो नव्हतो. तुम्ही विचारलंत म्हणून..."

पाहुण्यानं सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

माझा नवरा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनानं खोटं बोलला होता, आणि ते इतकं बेमालूम की क्षणभर मलाच खरं वाटलं. आता पुढचं माझ्यावर होतं. भाऊ मेल्याचं ऐकून बहीण उभीच राहिली, तर ऐकणाऱ्याला काय ते कळतं. आई म्हणायची, जिवंत माणसासाठी गळा काढला की मरणाला त्याच्या दाराची वाट कळते. ते आठवलं, आणि तरी मी जमिनीवर अंग टाकलं आणि हंबरडा फोडला. पहिली आरोळी खोटी होती. दुसरी नव्हती. इतक्या महिन्यांची भीती त्यात बाहेर पडली आणि मला थांबताच येईना.

आमच्यात रडण्याचा आवाज आला की कोणी विचारत बसत नाही, येतात. चुलीवरचं तसंच सोडून शेजारणी धावत आल्या. कोणी पीठ घेऊन, कोणी लाकडं घेऊन. बायका आत माझ्याभोवती बसल्या, बापे बाहेर शेकोटीभोवती. ऊन कलेपर्यंत अंगण भरून गेलं. पाहुणा उठून जाईल असं मला वाटलं होतं. त्यानं कोट काढला, एका खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ज्या घरचं मीठ खाल्लं, त्या घरच्या दुःखातून कसा उठू?" नव्यानं आलेल्यांना त्याचं कौतुक वाटलं. ज्यांनी ते बूट ओळखले, त्यांनी माना खाली घातल्या.

मग आमचे शेजारी, चर्चचे वडीलधारे बाम्बो चिसाले, पुढे झाले. देवमाणूस. कोणाच्याही अडचणीत सगळ्यात आधी हजर.

"देह नाही, पण दुखवटा तर रीतीप्रमाणे झाला पाहिजे," ते म्हणाले. "आईकडचं थोरलं माणूस आल्याशिवाय काही करता यायचं नाही. निरोप धाडायला हवा."

"कोण आहे थोरलं?" पाहुण्यानं विचारलं.

मी आतून ऐकत होते. लायसननं तोंड उघडलं, पण चिसाले म्हाताऱ्यानं त्याला त्रास नको म्हणून स्वतःच उत्तर दिलं. "सरोवराकाठी ह्यांची थोरली आई असते." आणि गावाचं नावही सांगितलं.

"असं का," पाहुणा म्हणाला. त्यानं ते नाव एकदा हळूच उच्चारून पाहिलं, लायसन नवा शब्द उच्चारायचा तसं.

त्याला अडवायचं कसं? मरणाच्या घरी आईकडच्या माणसाला बोलावू नका म्हणणारी बहीण कोणी पाहिली आहे? चिसाल्यांनी बसच्या ड्रायव्हरला बोलावून घेतलं आणि आमच्या दारातच निरोप पढवला. "कोण गेलं ते सांगायचं नाही हं. म्हातारी वाटेत कोसळायची. एवढंच सांग, एलुबीच्या घरी मरण आहे, निघून या." आमच्यात निरोप असाच धाडतात.

संध्याकाळी पाणी आणायच्या निमित्तानं लायसन मागच्या बाजूला आला.

"थोरली आई येईल आणि म्हणेल, कोण एनोक? काल तर माझ्याजवळ बसून मासे खाल्ले त्यानं," तो कुजबुजला. "सगळ्यांसमोर म्हणेल."

"नाही म्हणणार. बस थांबली की मीच आधी गळ्यात पडते तिच्या. कानात सांगते, रड. ती शहाणी आहे."

"आणि रडू आलं नाही तर?"

"मग मी चिमटा काढेन. जा तुम्ही, तो बघतोय."

पाहुणा खरंच बघत होता. त्याची गाडी झाडाखाली उभी होती. तो तिच्यात बसून सरोवराकडे निघेल, या भीतीनं माझा जीव टांगणीला लागला होता, पण तो कुठेच गेला नाही. सोमवारी दिवसभर बसला. शेकोटीत लाकूड सारायचा, म्हाताऱ्यांना तपकीर द्यायचा, बायकांची गाणी चालली की ओठांतल्या ओठांत म्हणायचा. त्याला कसलीच घाई नव्हती. मला वाटलं, पटलं याला. आणखी एक दिवस काढला की हा उठेल, आणि मग एनोकला कोणी शोधणार नाही. मेलेल्याला कोण शोधतं? मला त्या कल्पनेनं इतकं बरं वाटलं की रडता रडता मी लायसनकडे अभिमानानं पाहिलं.

मंगळवारी दुपारी बसचा भोंगा ऐकू आला. मी उठले, बायका मला धरायला लागल्या, मी त्यांचे हात झटकले आणि रस्त्याकडे पळाले. थोरली आई बसच्या पायरीवरूनच आक्रोश करत उतरली. डोक्यावरचं फडकं सुटलेलं, दोन्ही हात वर.

"एलुबी! माझ्या लेकी! माझ्याआधी कशी गेलीस गं!"

मला आधी कळलंच नाही; निरोपात नाव नव्हतं, आणि आईकडच्यांना बोलावणं आलं म्हणजे मीच गेले असं तिनं धरलं होतं. मग तिनं मला समोर पाहिलं, आणि तिचा आक्रोश मधेच तुटला. ती माझ्याकडे भूत बघावं तशी बघत राहिली. मी तिच्या गळ्यात पडले.

"मी नाही गेले," मी तिच्या कानात म्हणाले. "एनोकसाठी रड. काही विचारू नकोस, थोरले, तुझ्या पाया पडते, एनोकसाठी रड."

तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं.

"एनोकसाठी?" ती पुटपुटली. "अगं, तो माझ्याबरोबर आलाय. मी किती नको म्हटलं. ऐकतोय कुठला! ताईच्या मातीलासुद्धा गेलो नाही, तर जगून काय करू म्हणाला."

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. बसच्या मागच्या दारातून एनोक उतरत होता. खांद्यावर पिठाची पिशवी, मरणाच्या घरी न्यायची असते तशी. डोळे रडून सुजलेले. वाळला होता, उन्हानं काळवंडला होता. मी मान हलवली. हातानं खूण केली, जा, मागे फिर, जा. त्याला त्यातलं काही दिसलं नाही. त्याला फक्त मी दिसले.

पिशवी त्याच्या खांद्यावरून खाली पडली आणि पीठ रस्त्यावर सांडलं. तो मोठ्यानं हसला. लहानपणी हसायचा तसं, सगळं अंग हलवून.

"ताई! अगं ताई, तू जिवंत आहेस!"

अंगणातलं रडणं एकेक करून थांबलं. चिसाले म्हातारा तोंड उघडं टाकून उभा होता. लायसननं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. शेकोटीजवळची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला. पाहुणा उठला होता, कोट अंगात घालत होता, एकेक बटण लावत होता. मी एनोकला पळ म्हणून ओरडले, पण तो दोन्ही हात पसरून माझ्याकडेच धावत आला. मला जिवंत बघून त्याला एवढा आनंद झाला होता की त्याच्या मागून कोण येतंय हे त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.